वड वाचवायचा तर आधी त्याच्या खालची जमीन वाचवा

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका जुन्या पेठेत, गल्लीच्या तोंडाशी पार बांधलेला मोठा वड आहे. खोडाचा घेर ४.७ मीटर. वय नक्की कुणाला माहीत नाही, पण घरातल्या ८० वर्षांच्या आजींनी तो लहानपणीही एवढाच पाहिला आहे. आता रस्त्याचं काँक्रिटीकरण होणार आहे आणि त्याआधी ड्रेनेजची नवी लाइन पडणार आहे. ठेकेदार म्हणतो, ‘‘झाडाला हातही लावणार नाही, खोडापासून दोन मीटर सोडून खोदतो.’’ खोडात एका बाजूला माणूस वाकून आत शिरेल एवढी ढोली आहे, त्यामुळे गल्लीतलेच काही जण ‘झाड धोक्याचं आहे, काढूनच टाका’ म्हणताहेत. काय करावं?

ठेकेदार खोटं बोलत नाही. तो खरंच झाडाला हात लावणार नाही. फांदीला धक्का लागणार नाही, सालीवर ओरखडा उठणार नाही, आणि तरीही तो ते झाड मारून जाईल. मी सत्तावीस वर्षं शहरातली जुनी झाडं तपासतो आहे. करवतीने मेलेली झाडं मी पाहिली, पण त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त झाडं चराने मेलेली पाहिली. करवत दिसते, लोक धावून येतात. चर खोदला जातो, पाइप पडतो, माती ढकलली जाते, वर काँक्रीट येतं आणि सगळे आनंदाने म्हणतात, ‘‘बघा, रस्ताही झाला आणि झाडही वाचलं.’’

वड लगेच मरत नाही, हीच यातली फसवी गोष्ट आहे. अशा झाडाच्या खोडात आणि जाड मुळांत वर्षानुवर्षांचा अन्नसाठा असतो. अर्धी मुळं गेली तरी ते पुढची दोन-तीन वर्षं पालवी काढतं. मग पानं लहान होतात, शेंड्याच्या फांद्या वाळायला लागतात. चौथ्या-पाचव्या पावसाळ्यात एका रात्री वारा सुटतो आणि झाड आडवं होतं. तोवर ठेकेदाराची देखभालीची मुदत संपलेली, अधिकाऱ्याची बदली झालेली. दोष मात्र पावसाला लागतो.

असाच एक पिंपळ मी पडल्यावर पाहिला होता. जुलै महिना, पहाटेची वेळ, खाली सुदैवाने कुणी नव्हतं. एवढं थोरलं झाड, पण उपटून वर आलेला मुळांचा गड्डा एका छोट्या टेम्पोच्या हौद्यात मावेल एवढाच. रस्त्याच्या बाजूची मुळं शोधायला मी खाली बसलो. मांडीएवढी जाड चार मुळं एका ओळीत, सरळ रेषेत, पाइप कापावा तशी कापलेली होती. टोकं काळी पडली होती. बोट लावलं तर लाकडाचा ओला भुगा हाताला आला, भिजलेल्या पावासारखा. त्या रेषेपलीकडे नवीन मूळ एकही नव्हतं, कारण पलीकडे काँक्रीटची भिंत होती. सहा वर्षांपूर्वी तिथे केबलसाठी चर खोदला होता, असं कोपऱ्यावरच्या चहावाल्याने सांगितलं. तेव्हाही झाडाला कुणी हात लावला नव्हता.

म्हणून तुमच्या लढाईचं पहिलं काम म्हणजे चर्चा खोडावरून जमिनीवर आणणं. ‘जेवढं झाड वर तेवढंच खाली’ असं आपण ऐकत आलो आहोत, ते बरोबर नाही. पाणी आणि अन्न शोषणारी बहुतेक मुळं वरच्या दोन फुटांतच असतात, आणि ती खोल जाण्यापेक्षा आडवी पसरतात, फांद्यांच्या घेराच्याही बरीच बाहेर. झाडाला उभं धरणारी जाड मुळं बुंध्याजवळ असतात, त्याला जगवणारी बारीक मुळं लांब असतात. दोन्ही लागतात.

हिशेब सोपा आहे. जमिनीपासून सुमारे १.४ मीटर उंचीवर टेपने घेर मोजा आणि ३.१४ ने भागा. तुमच्या वडाचा व्यास १.५ मीटर येतो. जगभर वापरला जाणारा नियम असा की व्यासाच्या बारा पट अंतर ही झाडाची संरक्षित जमीन. म्हणजे १८ मीटर. ब्रिटिश मानकात या अंतराला १५ मीटरची कमाल मर्यादा घातलेली आहे, तीच आपण धरू. म्हणजे खोडाभोवती १५ मीटर त्रिज्येचं वर्तुळ. पेठेतल्या गल्लीत हे ऐकून लोक हसतील, कारण त्या वर्तुळात रस्ता येतो, दुकानं येतात, समोरच्या वाड्याची ओसरीही येते. येऊ द्या. पूर्ण वर्तुळ मिळणार नाही, पण कुठून मागे हटतो आहोत ते माहीत असल्याशिवाय बोलणी करायला बसू नका. ठेकेदाराचे दोन मीटर कुठे आणि १५ मीटर कुठे, हे नकाशावर रंगवून दाखवलं की अभियंता पहिल्यांदा गप्प बसतो आणि मग प्रश्न विचारायला लागतो. तिथून काम सुरू होतं.

२०१३ साली राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतल्या झाडांभोवतालचं एक मीटर परिघातलं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. तो आदेश महत्त्वाचा, कारण झाडाला मातीचा हक्क आहे हे त्यात मान्य झालं. पण तो एक मीटर रस्त्याकडेच्या साध्या झाडासाठी ठीक. तुमच्या वडाच्या बुंध्याचा घेरच तेवढी जागा खातो. कुणी तो एक मीटर तुमच्यापुढे केला तर समाधान मानू नका.

आता या विशिष्ट कामात काय मागायचं ते सांगतो. खोडापासून पाच मीटरच्या आत यंत्र नाही, चर नाही, एकही मूळ कापायचं नाही. यावर तडजोड करू नका, झाड उभं राहतं ते याच मुळांवर. ड्रेनेजची लाइन त्या पट्ट्यातूनच न्यायची वेळ आली, तर ती उघडा चर खोदून न नेता खालून ढकलून न्यायची. दोन्ही बाजूंना वर्तुळाबाहेर खड्डे घेतात आणि दोन मीटरपेक्षा खोलवरून पाइप पुढे सरकवतात. रेल्वे रुळांखालून, वाहत्या रस्त्याखालून हे काम आपल्याकडे रोज होतं, त्यामुळे ‘असं करता येत नाही’ हे उत्तर मान्य करू नका. खर्च वाढतो, पण तीसेक मीटरपुरताच. चेंबर मात्र वर्तुळाबाहेर हवेत, नाहीतर सगळं मुसळ केरात.

पाच ते पंधरा मीटरच्या पट्ट्यात खोदणं टळतच नसेल तर जेसीबी बंद. हाताने, पहार आणि खुरप्याने, मजूर बसून माती काढतील. सोय असेल तर दाबाच्या हवेने माती उडवणारं यंत्र आणा, त्याने मुळाची साल निघत नाही. अंगठ्याएवढ्या जाडीपर्यंतचं मूळ धारदार करवतीने सरळ कापलं तर चालतं. त्याहून जाड मूळ दिसलं की काम थांबवायचं आणि जाणकाराला बोलवायचं, पाइप त्याच्या खालून घालायचा. उघडी पडलेली मुळं ओल्या गोणपाटाने झाकायची आणि त्यावर दिवसातून तीनदा पाणी मारायचं. पुण्याच्या कोरड्या उन्हात बारीक मुळं एका दुपारीत मरतात. जेसीबीचं बकेट मूळ कापत नाही, ओढतं. त्यामुळे ते मूळ आत बुंध्यापर्यंत उभं चिरत जातं आणि त्या चिरेतून बुरशी शिरते. खड्ड्यात उतरून बघितल्याशिवाय हे कळत नाही.

पाइपपेक्षाही मला भीती वाटते ती काँक्रीटच्या रस्त्याची. त्यासाठी बॉक्स कटिंग करतात, म्हणजे रस्त्याची पूर्ण रुंदी दीड-दोन फूट खरवडून काढतात. वडाची जगवणारी मुळं नेमकी त्याच थरात असतात. एका चराने मुळं एका रेषेत कापली जातात, इथे तर ती साफ सोलली जातात. म्हणून वर्तुळातला रस्त्याचा तुकडा काँक्रीटमधून वगळून घ्या. तिथे आहे ती पातळी ठेवायची, खरवडायचं नाही, वर जाळीदार कापड, खडीचा थर आणि सांध्यात सिमेंट न भरलेले पेव्हर ब्लॉक. पाणीही झिरपतं आणि हवाही जाते. हा बदल निविदेच्या नकाशात आणि कामाच्या आदेशात लेखी हवा. साइटवर तोंडी कबूल झालेलं मुकादम बदलला की संपतं.

वेळेचंही भान ठेवा. एप्रिल-मे महिन्यांत मुळं तोडणं म्हणजे तापात रक्त काढणं. जून-जुलैत उघडा चर ठेवला तर ओल्या जमिनीत झाडाचा तोल जातो. ऑक्टोबर ते जानेवारी हा काळ बरा.

कायदा तुम्ही समजता त्यापेक्षा जास्त तुमच्या बाजूने आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ हा आपला मूळ कायदा. त्यात ‘झाड तोडणे’ या शब्दांत झाड जाळणं, कापणं आणि कुठल्याही प्रकारे त्याला इजा करणं हे सगळं येतं. माझ्या अनुभवात तक्रार अर्जात लोक हीच ओळ लिहायची विसरतात. मुळं तोडणं ही इजा आहे, तेव्हा ‘आम्ही झाड तोडत नाही’ एवढं म्हणून कुणाची सुटका होत नाही. तोडण्याची परवानगी द्यायची झाली तर वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते, झाडावर दिसेल अशी नोटीस लावावी लागते आणि हरकती ऐकाव्या लागतात. झाडावर नोटीस दिसली की त्याच दिवशी तारखेसह फोटो काढा आणि हरकत लेखी द्या, पोच घ्या.

२०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांवरच्या झाडाला प्राचीन वृक्ष, म्हणजे हेरिटेज ट्री, असा दर्जा दिला. असं झाड तोडलं तर त्याच्या वयाएवढी नवी झाडं लावायची, असंही त्यात आहे. त्यामुळे वयाचा पुरावा हातात असणं फार मोलाचं. खोडाला भोक पाडून वर्तुळं मोजायला कुणाला देऊ नका. आपल्या हवामानात वडाची वर्तुळं विश्वासाची नसतात, आणि झाडाला जखम होते ती वेगळीच. त्यापेक्षा कागद शोधा. पेठेतल्या जुन्या वाड्यांची खरेदीखतं काढा आणि चतुःसीमा वाचा. ‘पूर्वेस वडाचा पार’ अशी नोंद मला एकदा मोडीतल्या खतात सापडली होती, आणि त्या एका ओळीने अख्ख्या बैठकीचा सूर बदलला. सिटी सर्व्हेचे जुने नकाशे, लग्नाच्या वरातीचे फोटो, शाळेच्या प्रभातफेरीचे फोटो, आजींचा सहीनिशी जबाब, सगळं जमवा. पालिकेच्या वृक्षगणनेत या वडाची नोंद कशी आहे तेही बघा. गणना दर पाच वर्षांनी करायची असते. नोंदीत घेर चुकलेला असेल तर दुरुस्तीचा अर्ज आजच द्या.

पैशात बोलायची वेळ आली तर एक आकडा लक्षात ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०२१ मध्ये झाडाचं मोल वर्षाला ७४,५०० रुपये धरावं असं मांडलं होतं. वड दीडशे वर्षांचा धरला तर १ कोटी ११ लाख ७५ हजार होतात. मला स्वतःला झाडाची किंमत रुपयांत सांगायला आवडत नाही. पण पाइप खालून ढकलण्याचा वाढीव खर्च काही लाखांचा आहे म्हणून ज्या बैठकीत कपाळाला आठ्या पडतात, तिथे हा आकडा उपयोगी पडतो.

‘आम्ही दुसरीकडे नेऊन लावतो’ हा प्रस्तावही येईल. वड चिवट आहे, त्याचं पुनर्रोपण होतंही. पण या वयाच्या झाडाच्या जवळपास सगळ्या शोषक मुळांवर आणि फांद्यांवर करवत चालवून उरलेला ओंडका क्रेनने हलवायचा, याला मी वाचवणं म्हणत नाही. दुसरा कुठलाच मार्ग नसेल तेव्हाच त्याचा विचार करायचा.

आता ढोली. शेजाऱ्यांची भीती खरी आहे, तिला उडवून लावू नका. झाडाखालून त्यांचीही मुलं शाळेत जातात. पण ढोली म्हणजे मरण नव्हे. खोडाच्या आतलं लाकूड मृतच असतं. झाड जगतं आणि ताकद धरतं ते बाहेरच्या कवचावर, नळीसारखं. अनुभवाचा ठोकताळा असा की निरोगी कवचाची जाडी त्रिज्येच्या साधारण एक-तृतीयांश असेल तर चिंता कमी. तुमच्या वडात त्रिज्या ७५ सेंटिमीटर, म्हणजे २५ सेंटिमीटर भक्कम लाकूड हवं. पण ढोलीला तोंड आहे, नळी एका बाजूने उघडी आहे, त्यामुळे नुसत्या ठोकताळ्यावर निर्णय घेऊ नका. लाकडी हातोडीने ठोकून आवाज ऐकतात, बारीक सुई आत घालून किंवा ध्वनिलहरींनी लाकूड तपासणारी यंत्रं आहेत. ती तपासणी लेखी अहवालासह करून घ्या. ‘धोकादायक’ हा शब्द तपासणीशिवाय कुणी वापरला तर कशाच्या आधारावर, एवढंच विचारा.

आणि ढोलीत विटा-सिमेंट भरू देऊ नका. पूर्वी मोठमोठ्या बागांतही भरायचे, आता जगभर सोडून दिलं आहे. वाऱ्यात झाड हलतं, सिमेंट हलत नाही, त्या घर्षणाने आतलं कवच झिजतं आणि मधल्या फटीत पाणी साचून कूज वाढते. झाडाची जखम आपल्या जखमेसारखी भरून येत नाही. झाड कुजलेला भाग आतल्या आत भिंती घालून वेगळा टाकतं. आपण ती भिंत खरवडली की कूज पुढे सरकते. ढोली कोरडी राहील एवढं बघा, बाकी ती राखी धनेशाला, पिंगळ्याला, वटवाघळांना राहू द्या.

वडाचा खरा विमा पारंब्या आहेत. कोलकात्याच्या वनस्पती उद्यानातल्या प्रसिद्ध वडाचं मुख्य खोड बुरशीने कुजलं म्हणून १९२५ साली काढून टाकावं लागलं. झाड आजही उभं आहे, जमिनीत रुजलेल्या हजारो पारंब्यांवर. चेन्नईच्या अड्यारचा वड १९८९ च्या वादळात मुख्य खोडापासून पडला, तरी बाकीचं झाड तगलं. शहरात मात्र बसच्या टपाला लागतात, दुचाकीवाल्यांच्या तोंडावर येतात म्हणून पारंब्या सरसकट छाटतात. मग चाळीस फूट आडव्या फांदीला आधार कसला? तुमच्या झाडावर पाराच्या घेरात येणाऱ्या तीन-चार पारंब्या निवडा. त्यांच्या खाली चिरलेला बांबू किंवा जाड पीव्हीसी पाइप उभा करा, आत माती आणि शेणखत भरा, पारंबीचं टोक त्यात सोडा आणि ते ओलं ठेवा. काही वर्षांत पारंबी जमिनीला लागते, मग झपाट्याने जाड होते. ढोलीच्या बाजूच्या फांदीखाली आधी करा. तोवर त्या फांदीला लोखंडी आधार देता येतो, फक्त टेकूच्या माथ्यावर रबराची रुंद गादी हवी. तेलंगणात महबूबनगरजवळच्या पिल्ललमर्री या जुन्या वडाला २०१८ मध्ये वाळवीसाठी सलाइनच्या बाटल्यांतून औषध दिलं, तेव्हा वाकलेल्या फांद्यांना असेच आधार बांधले होते. औषधाच्या बाटल्यांचे फोटो सगळीकडे फिरले, पण मला विचाराल तर तिथे आधारांचं काम जास्त महत्त्वाचं होतं.

छाटणी करायची झाली तर फक्त वाळकं लाकूड आणि वजन कमी करण्यापुरती टोकाची छाटणी. एका बाजूच्या फांद्या सगळ्या उडवून दिल्या की झाड दुसरीकडे कलतं, आणि मग ‘कललं आहे’ म्हणून तोडायला सापडतं. फांदी खोडाला मिळते तिथे एक सुजलेली कड असते, तिच्या बाहेर काप घ्यायचा. कापावर डांबर, ऑइलपेंट काही लावायचं नाही. गेरू-चुना दिसायला छान दिसतो, त्याने झाडाचं भलं होत नाही.

पार हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा. जुने पार दगडाचे, सांध्यांतून हवा-पाणी खेळायचं. आता नगरसेवकांच्या निधीतून त्यावर ग्रॅनाइट आणि चकचकीत फरशी बसते, आत भराव टाकतात आणि बुंधा गाडला जातो. तुमच्या झाडाचा बुंधा जमिनीत शिरताना पायाशी पसरलेला दिसतो का बघा. विजेच्या खांबासारखा सरळ आत गेला असेल तर तो गाडला गेला आहे. दगडी कठडा राहू द्या, फरशी आतून उचला, भराव हाताने हळूहळू काढा. वाळलेल्या पानांचा तीन-चार बोटं जाड थर अंथरा, खोडाला न टेकवता. ती पानं रोज सकाळी झाडून तिथेच पेटवतात, ते आधी थांबवा. सिमेंट कालवलेलं पाणी, वाळूचे ढीग, दुचाक्यांचं पार्किंग, सगळं पाराबाहेर.

पाराशी रिक्षाथांबा, टपरी किंवा देऊळ असेल तर पहिली बैठक त्यांच्याबरोबर घ्या. रिक्षावाल्यांसारखा पहारेकरी नाही, रात्री बाराला जेसीबी आला तरी त्यांना आधी कळतं. पुजाऱ्यांना सांगा की दिवे बुंध्यापासून लांब ठेवा, ढोलीत तर नकोच. जुन्या ढोलीतला कोरडा भुगा एका ठिणगीने पेटतो आणि आतली आग विझवता विझत नाही. वटपौर्णिमेचा सुती दोरा झाडाला काही करत नाही, तो पावसात कुजून जातो. नायलॉनचा दोरा आणि खिळे करतात. त्या दिवशी फांद्या तोडून विकायला बसणाऱ्यांना मात्र अडवा.

लगेच करायचं ते असं. उद्या सकाळी टेप, दोरी आणि फक्की घेऊन जा. ५ मीटरचं आणि १५ मीटरचं, अशी दोन वर्तुळं रस्त्यावर फक्कीने आखा, गच्चीवरून फोटो घ्या. तो फोटो, घेराचं माप आणि वरच्या मागण्या एका पानावर लिहून वृक्ष अधिकारी, पथ विभाग आणि मलनिस्सारण विभाग या तिघांना एकाच दिवशी द्या, कारण हे तिघं एकमेकांशी बोलतीलच असं नाही. पहिला पाऊस पडून गेला की बुंध्याशी कडक, तपकिरी, शिंपल्यासारखी बुरशी उगवते का, ते बघा. दिसली तर तोडू नका. शेजारी एक नाणं ठेवून फोटो काढा आणि बुंध्याच्या कुठल्या दिशेला आहे ते लिहून मला पाठवा. ती ढोलीच्याच बाजूला असेल तर आधार कुठे द्यायचा ते मी येऊन बघेन, विरुद्ध बाजूला असेल तर त्याच आठवड्यात येईन.